बंदा रुपया आणि त्यातली चांदी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त कोजागिरीच्या रात्री गच्चीवर केलेलं भाषण. सभासदांच्या आग्रहावरून थोडं नीटनेटकं करून इथे देत आहे.)



आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. पंचवीस वर्षं म्हणजे रौप्यमहोत्सव, आणि रौप्य म्हणजे चांदी. आठवत असेल, वार्षिक सभेत एक ठराव आला होता की प्रत्येक सभासदाला आठवण म्हणून चांदीचं एक-एक नाणं द्यावं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग खजिनदारांनी खर्चाचा कागद वाचून दाखवला आणि टाळ्या थांबल्या. पाण्याच्या टाकीची दुरुस्ती आधी, चांदी नंतर, असं ठरलं. ते योग्यच झालं. पण चांदीशिवाय रौप्यमहोत्सव कसा करायचा? म्हणून सचिवांनी मला सांगितलं, "तुम्ही बँकेत कॅशियर होता, जुन्या नाण्यांचा नाद आहे, तुम्ही चांदीवर बोला." म्हणजे नाणं नाही तर नाही, निदान भाषण तरी चांदीचं.

आपल्या बऱ्याच घरांत जुनी नाणी आहेत हे मला माहीत आहे. लक्ष्मीपूजनाच्या ताटात दरवर्षी मी ती बघतो. कुणाकडे राणीछाप बंदा रुपया आहे, कुणाकडे अधेली, कुणाकडे पावली. आजूबाजूच्या खेड्यांतून वडशाला राहायला आलेल्या घरांत आजीच्या गळ्यातली कडी लावलेल्या रुपयांची माळसुद्धा आहे. या सगळ्याला आपण सरसकट "चांदीचे कलदार" म्हणतो. त्यातली काही पूर्ण चांदीची असतात, काही अर्ध्या चांदीची, आणि काहींत चांदीचा कणही नसतो. दिसायला मात्र सगळी सारखीच.

हा फरक मला कसा कळला ते आधी सांगतो. घरातली गोष्ट आहे, आणि तिच्यात माझी चूक आहे.

आमच्या मायजवळ एक पितळी डबा होता. त्यात चोवीस बंदे रुपये. काही तिच्या आईकडून आलेले, काही माझ्या वडिलांनी राइस मिलमध्ये मुनिमी करताना जमवलेले. माय थकली तेव्हा तिने मला आणि माझ्या लहान बहिणीला समोर बसवलं आणि डबा उघडला. दोन ढीग केले, बारा-बारा नाण्यांचे. एका ढिगात काळपट, झिजलेली, राजाचं नाक-डोळे पुसट झालेली नाणी होती. दुसऱ्यात ठसठशीत, कडा शाबूत असलेली नवी नाणी. माय म्हणाली, "चांगले चांगले पोरीले देतो. तू मोठा आहेस, तुले जुने चालतील." मी म्हटलं, चालतील. सगळं प्रेमानं झालं. मोजणीही बरोबर होती. बारा आणि बारा.

पुढे तीन-चार वर्षांनी बँकेतल्या एका जुन्या सहकाऱ्याने मला नाण्यांवरची साल वाचायला शिकवलं. त्या रात्री घरी येऊन मी माझा ढीग काढला. माझी बाराही नाणी सातवा एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज यांच्या काळातली, १९०३ पासून १९२० पर्यंतची. बहिणीची नाणी मी वाटणीच्या वेळी हातात घेतली होती. ती सगळी सहाव्या जॉर्जची, १९४१ ते १९४५ मधली. म्हणजे मायने लेकीला चांगली म्हणून दिली त्यांत चांदी अर्धीच होती. जुनी म्हणून मला दिली ती पूर्ण चांदीची.

हे कळल्यावर मी काय केलं? काहीच नाही. गप्प बसलो. मायला कशाला दुखवायचं, असं स्वतःला समजावलं. पण खरं सांगायचं तर त्यात थोडा लोभही होता. पुढचं शेवटी सांगतो. आधी हे अर्धं-पूर्ण कसं झालं ते बघू.

'रुपया' हा शब्दच मुळी चांदीवरून आला आहे. संस्कृतात रूप्य म्हणजे चांदी, ठसा उमटवलेली चांदी. इंग्रजांच्या आधी ठिकठिकाणचे रुपये वेगळे चालायचे, वजन वेगळं, कस वेगळा, आणि प्रत्येक ठिकाणी सराफाला बट्टा द्यावा लागायचा. १८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने कायदा करून आपल्या सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे आजच्या हिशोबाने ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी, एक भाग तांबं वगैरे. टक्क्यांत सांगायचं तर ९१.७ टक्के. म्हणजे एका रुपयात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. अधेली याच्या बरोबर निम्मी, ५.८३ ग्रॅम वजनाची. पावली २.९२ ग्रॅमची. चवली, म्हणजे दोन आणे, १.४६ ग्रॅमची.

जुना तोळाही १८० ग्रेनचाच होता. म्हणजे रुपयाचं वजन एक तोळा. सोनाराकडे वजन नसलं तर तो तराजूत रुपया टाकायचा. आज बाजारात तोळा म्हटलं की दहा ग्रॅम धरतात. म्हणून "एक रुपया म्हणजे एक तोळा" असं आजोबांचं वाक्य ऐकून सराफाकडे जाऊ नका. ग्रॅममध्येच बोला.

हा ९१.७ टक्क्यांचा रुपया शंभर वर्षांहून जास्त काळ टिकला. चौथा विल्यम, व्हिक्टोरिया राणी, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज आणि सहाव्या जॉर्जची १९३८-३९ ची नाणी, सगळी याच कसाची.

पण पहिल्या महायुद्धातच चांदीची ओढाताण सुरू झाली होती. चांदीचा भाव इतका चढला की रुपयापेक्षा रुपयातली चांदी महाग झाली. लोक रुपये दाबून ठेवू लागले, वितळवू लागले. सरकारला टाकसाळीत चांदी पुरेना. तेव्हा ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली. तिच्यावर चांदीच्या रुपयाचं चित्र छापलं होतं, लोकांचा विश्वास बसावा म्हणून. पुढच्या वर्षी, १९१८ मध्ये, अमेरिकेने खास कायदा करून आपले सत्तावीस कोटी चांदीचे डॉलर वितळवले, आणि त्यातली बहुतेक चांदी इंग्रजांना हिंदुस्थानासाठी विकली. म्हणजे तुमच्या आजीच्या माळेतल्या १९१८ च्या रुपयात कदाचित अमेरिकेचा डॉलर असेल. १९१९ मध्ये तर तांबं-निकेलच्या मिश्रणाची आठ आण्याचीही नाणी काढली होती, पण ती टिकली नाहीत.

खरा बदल झाला १९४० मध्ये. दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि सरकारने चांदी निम्म्यावर आणली. नवीन मिश्रण असं होतं: ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. वजन तेच ठेवलं, ११.६६ ग्रॅम. आकारही जवळपास तोच. राजा तोच, सहावा जॉर्ज. फक्त चांदी १०.६९ ग्रॅमवरून ५.८३ ग्रॅमवर आली. आणि त्याच वेळी जुनी शुद्ध नाणी सरकारने परत बोलावायला सुरुवात केली. व्हिक्टोरियाचे रुपये आणि अधेल्या १९४१ मध्ये चलनातून बाद झाल्या, एडवर्डच्या १९४२ मध्ये आणि पाचव्या जॉर्जच्या १९४३ मध्ये. ज्यांनी बदलून घेतल्या नाहीत, डब्यात ठेवल्या, त्यांच्या नातवंडांकडे आज त्या आहेत.

युद्धात चांदी इतकी कमी पडली की अमेरिकेकडून २२ कोटी औंसांहून जास्त चांदी उसनी आणावी लागली. ती परत करायची होती. म्हणून युद्धानंतर ही अर्ध्या चांदीची नाणीही मागे घेऊन वितळवली गेली. आणि १९४६-४७ मध्ये चांदी पूर्णच गेली. वाघाचं चित्र असलेली अधेली, पावली आणि १९४७ चा रुपया आला, तो शुद्ध निकेलचा. स्वातंत्र्यानंतरचे नेहमीच्या चलनातले रुपये आणि पन्नास पैसे यांत चांदी कधीच नव्हती.

एवढं लक्षात ठेवलं तर निम्मं काम झालं. सालावरून तीन गट पडतात. १९३९ पर्यंत ९१.७ टक्के. १९४० ते १९४५ पन्नास टक्के. १९४६ पासून शून्य. फक्त १९४० हे बदलाचं वर्ष आहे. रुपया त्या वर्षीचा असेल तर तो अर्ध्या चांदीचाच, पण त्या वर्षीच्या अधेली-पावलीबद्दल नुसत्या सालावर निर्णय करू नका, तपासून घ्या.

आता घरच्या घरी तपासायचं कसं ते सांगतो. बाया-बापड्यांनी, पोरांनी, कुणीही करावं.

पहिलं, साल वाचा. नाणं उलटं करा, मूल्याखाली साल असते. इथे एक गंमत आहे. व्हिक्टोरियाच्या रुपयावर १८६२ ही साल फार सापडते. याचं कारण, ते साल ठशावर तसंच ठेवून १८७४ पर्यंत नाणी पाडत राहिले. म्हणून १८६२ म्हटलं की लगेच दुर्मीळ समजू नका. आणि उलट, १९२३ ते १९३७ या सालांचा बंदा रुपया कुणी दाखवला तर सावध व्हा. त्या काळात चलनासाठी रुपये पाडलेच नव्हते. अधेल्या-पावल्या पाडल्या, रुपये नाही.

दुसरं, कड बघा. शुद्ध चांदीच्या जुन्या रुपयाच्या कडेला साध्या उभ्या रेघा असतात. अर्ध्या चांदीच्या रुपयाच्या कडेला मधोमध एक खाच आणि तिच्यात नक्षी असते. नकली नाणी पाडणाऱ्यांना जमू नये म्हणून ती केली. ही कड दिसली की समजा, चांदी अर्धी. माझ्या बहिणीच्या बाराही नाण्यांना ही नक्षीची कड होती. म्हणून तर ती मायला जास्त सुबक वाटली.

तिसरं, चुंबक. शाळेतल्या पोरांकडे असतं ते चालेल. १९४६-४७ चं वाघाचं नाणं चुंबकाला चटकन चिकटतं, कारण ते निकेलचं आहे. लोखंडावर मुलामा दिलेलं नकली नाणंही चिकटतं. चांदी चिकटत नाही. पण लक्षात ठेवा, चिकटलं नाही म्हणजे चांदीच, असं होत नाही. तांबं, पितळ, जर्मन सिल्व्हर यांपैकी काहीच चिकटत नाही. आणि जर्मन सिल्व्हरच्या फक्त नावात सिल्व्हर आहे. ते तांबं, निकेल आणि जस्ताचं मिश्रण आहे. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तसंच.

चौथं, वजन. आता शंभरावा भाग दाखवणारे छोटे वजनकाटे स्वस्तात मिळतात. रुपया ११.६६ ग्रॅमच्या आसपास हवा. खूप झिजलेला असेल तर थोडा कमी भरेल, ते चालतं. पण दहाच्या खाली आला तर शंका घ्या. कडी लावलेलं नाणं असेल तर कडीचं आणि डागाचं वजन त्यात धरलं जातं, हे विसरू नका.

पाचवं, आणि माझ्या मते सगळ्यात चांगलं, पाण्यातलं वजन. काट्यावर अर्धा भरलेला ग्लास ठेवा आणि आकडा शून्य करा. नाण्याला बारीक दोरा बांधा आणि पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं लटकवून धरा. काट्यावर जो आकडा येईल, त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. चांगल्या ९१.७ टक्क्यांच्या रुपयाला पाण्यात १.१३ च्या आसपास आकडा येतो, आणि भागाकार १०.३. अर्ध्या चांदीच्या रुपयाला १.२२ येतो, भागाकार साडेनऊ. जर्मन सिल्व्हर किंवा तांबं-निकेल असेल तर भागाकार नऊच्या खाली जातो, आणि लोखंड असेल तर आठच्याही खाली. सोनाराचा दगड नको, ॲसिड नको, नाण्याला ओरखडाही नाही. शाळेत आर्किमिडीजची गोष्ट शिकवतात ना, तीच ही. अधेली-पावली लहान असल्यामुळे त्यांचा आकडा थोडा इकडे-तिकडे होतो, म्हणून तीन वेळा करून बघा.

आवाजावरून, बर्फ ठेवून, असे उपायही सांगतात. चांदीचा आवाज खणखणीत येतो हे खरं, पण कडीचं किंवा तडा गेलेलं नाणं खरं असूनही बद्द वाजतं. बर्फ चांदीवर लवकर वितळतो, पण तांब्यावरही वितळतो. म्हणून त्यावर विसंबू नका.

एक हात जोडून विनंती. नाणी चिंच, राख, पावडर लावून घासू नका. दिवाळीला आपण सगळं चकचकीत करतो, पण जुन्या नाण्याला घासलं की ठसा जातो, आणि संग्राहक त्याचे पैसे कमी देतो. १९३९ चा बंदा रुपया फार दुर्मीळ आहे. तो कुणी घासून किंवा चांदीच्या भावात मोडून टाकला तर वाईट वाटेल. कोमट पाण्यातून काढा, मऊ कापडाने टिपा, एवढंच.

आता काही गैरसमज. १९६९ ची गांधीजींची नाणी पुष्कळ जणांकडे आहेत. त्यातला एक रुपया आणि पन्नास पैसे निकेलचे आहेत. चांदीचं आहे ते दहा रुपयांचं मोठं नाणं. १५ ग्रॅम वजन, ८० टक्के चांदी, म्हणजे १२ ग्रॅम. ते असेल तर जपून ठेवा.

दुसरं, एका बाजूला रामदरबार किंवा मारुती आणि दुसऱ्या बाजूला 'ईस्ट इंडिया कंपनी, अर्धा आणा, १८१८' असं लिहिलेलं नाणं. असं नाणं कंपनीने कधी काढलंच नाही. ते जत्रेत विकायला केलेले शिक्के आहेत. देवाचं चित्र आहे, देव्हाऱ्यात ठेवायला हरकत नाही, पण लाखो रुपयांना घेणारा कुणी भेटला तर तो घेणारा नाही, लुबाडणारा आहे. तांदूळ ओढणारं चमत्कारी नाणं ही पण तीच जात. आणि फोनवर "तुमचं जुनं नाणं रिझर्व्ह बँक घेणार, आधी फी भरा" असं कुणी म्हटलं तर फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या ऑगस्टमध्ये जाहीर निवेदन काढून सांगितलं आहे की अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि त्यासाठी आपण कुणाकडून फी घेत नाही.

दोन गोष्टी कायद्याच्या. घराचा पाया खोदताना किंवा शेतात नाणी सापडली तर ती आपली होत नाहीत. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. आणि शंभर वर्षांहून जुनं नाणं कायद्याने पुरावस्तू ठरतं. ते परदेशी गेलेल्या लेकाला भेट म्हणून पाठवता येत नाही.

परदेशावरून आठवलं. आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या एका सभासदाच्या मुलाने अमेरिकेतून अर्ध्या डॉलरची दोन नाणी आणली आणि मला दाखवली. दोन्हींवर केनेडी. एक १९६४ चं, एक १९७४ चं. तो म्हणाला, "काका, दोन्ही अर्धाच डॉलर." मी म्हटलं, कड बघ. १९७४ च्या कडेला तांबूस पट्टा दिसत होता, कारण आत तांबं आहे. १९६४ ची कड पांढरीशुभ्र. तिथेही आपल्यासारखंच झालं. १९६४ पर्यंत अर्ध्या डॉलरमध्ये ९० टक्के चांदी, वजन १२.५ ग्रॅम. १९६५ ते १९७० मध्ये ४० टक्के. १९७१ पासून चलनातल्या नाण्यात काहीच नाही, वजन ११.३४ ग्रॅम. तिथले हौशी लोक आजही बँकेतून अर्ध्या डॉलरच्या गुंडाळ्या आणतात आणि एक-एक नाण्याची कड बघत बसतात, कधीतरी जुनं सापडेल म्हणून. आपल्याकडे तशी चिल्लर आता सापडणार नाही. चांगलं आणि हलकं नाणं एकाच किमतीला चाललं की लोक चांगलं डब्यात ठेवतात आणि हलकं बाजारात देतात. अर्थशास्त्रात याला ग्रेशमचा नियम म्हणतात. आमची माय शाळेत गेली नव्हती, पण हा नियम तिला पाठ होता.

आता बहिणीची गोष्ट पुरी करतो.

माय गेल्यावर दोन वर्षांनी भाचीचं लग्न ठरलं. बहीण नदीपलीकडे ब्रह्मपुरीला असते. तिने तिचे बारा रुपये सराफाकडे नेले. सराफाने बघितले, कड पाहिली, आणि सांगितलं की अर्धी चांदी आहे, अर्ध्याचेच पैसे मिळतील. बहिणीला वाटलं, बाई माणूस बघून फसवतो. ती तिथेच त्याला बोलली, चार लोकांसमोर. नाणी उचलून तडक वडशाला आली. दारातूनच म्हणाली, "दादा, त्या सराफानं मले लुटाले पाह्यलं. माय नं निवडून देल्ले होते, ते अर्धे कसे राहतील?"

सराफ खरं बोलला होता. मला ते माहीत होतं, आणि तिला माहीत नाही हेही माहीत होतं. एका प्रामाणिक माणसाला माझ्या बहिणीने लुबाडणारा ठरवलं, ते माझ्या गप्प बसण्यामुळे. त्या दिवशी मला खरंच लाज वाटली.

मी माझा डबा आणला. दोन्ही ढीग चटईवर मांडले आणि तिला हिशोब सांगितला. माझे बारा गुणिले १०.६९, म्हणजे साधारण १२८ ग्रॅम चांदी. तुझे बारा गुणिले ५.८३, म्हणजे ७० ग्रॅम. मोजणीत सारखे, चांदीत अठ्ठावन्न ग्रॅमचा फरक. आणि हे मला कितीतरी वर्षांपासून माहीत आहे, हेही सांगितलं.

ती बराच वेळ काही बोलली नाही. एक नाणं उचलायची, कड बघायची, ठेवायची. मग म्हणाली, "मायले माहीत नव्हतं ना?" मी म्हटलं, नव्हतं. तिला वाटलं तुला चांगले दिले. "मंग ठीक आहे," म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "पण तुले तं माहीत होतं, दादा."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी माझ्यातले सहा काढून तिच्या ढिगात ठेवले आणि तिचे सहा माझ्याकडे घेतले. आता दोघांकडे सहा पूर्ण, सहा अर्धे. नाणीही बारा-बारा, चांदीही सारखी. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं ब्रह्मपुरीला गेलो. ती सराफाला म्हणाली, "भाऊ, काल मी चुकली." त्याने चहा मागवला. लग्नासाठी तिने अर्धे रुपये मोडले आणि पूर्ण सहा ठेवले. ते अजून तिच्याकडे आहेत.

तेव्हा माझं सगळ्यांना एवढंच सांगणं आहे. या दिवाळीला ताट मांडाल तेव्हा दहा मिनिटं काढा. प्रत्येक नाण्याची साल वाचा, कड बघा, वजन करा, आणि एका कागदावर लिहून डब्यातच ठेवा. किती नाणी, कोणत्या सालची, प्रत्येकात चांदी किती. चांदीचा भाव रोज बदलतो, ग्रॅम बदलत नाहीत. उद्या वाटणी करायची वेळ आली तर नाणी मोजून वाटू नका, चांदी मोजून वाटा. आणि तुम्हाला एखादी गोष्ट आधी कळली तर भावा-बहिणीला त्याच दिवशी सांगा.

ज्यांना जमत नसेल त्यांनी रविवारी सकाळी माझ्याकडे या. काटा आहे, दोरा आहे, ग्लास आहे. फी काही नाही. चहा मात्र तुमच्याकडचा.

दूध आटलं असेल, चंद्रही वर आला आहे.